दुडकी चाल : नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन

मराठीत माणूस दोन कारणांसाठी पाय उचलतो. कुणाच्या मदतीला जायचं असेल तर तो धावतो, कुणाच्या तावडीतून सुटायचं असेल तर पळतो. देव धावून येतो, चोर पळून जातो. तुम्ही सकाळी सहाला शिवाजी पार्कच्या कट्ट्याकडेने जे करणार आहात, त्याला यातला एकही शब्द धड बसत नाही. पुढून कुणी हाक मारलेली नाही, मागे कुणी लागलेलं नाही आणि जिथून निघालात तिथेच परत यायचंय. घोड्यांच्या बाबतीत मात्र याला चोख शब्द आहे. घोडा चालतही नसतो आणि भरधावही नसतो, मधल्यामधे खालीवर होत जात असतो, ती दुडकी. हे मार्गदर्शन दुडकीचं आहे. भरधाव सुटायची इच्छा असणाऱ्यांनी पान उलटावं. त्यांची आणि हाडांच्या डॉक्टरांची गाठ मी न घालताही पडेल.

पात्रता

शिकवणाऱ्याची पात्रता आधी सांगतो, कारण शिकणाऱ्याला कसलीच लागत नाही. वय ४८. वजन सुरुवातीला ८८ किलो, सध्या ८४, गणपती ते दिवाळी ८६. शाळेत शर्यतीत एकदा बक्षीस मिळालं होतं, ते लिंबू-चमच्याच्या. दीड वर्षापूर्वी ऑफिसने केलेल्या तपासणीत साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तिघंही उंबरठ्यावर उभे सापडले. आत यावं की आल्या पावली परत जावं, अशा विचारात. डॉक्टर म्हणाले, "काहीतरी करा." त्या 'काहीतरी'मध्ये मी सहा महिने शतपावली बसवून पाहिली. शंभर पावलं मोजून होतात तेव्हा माणूस बरोबर फ्रिजपाशी आलेला असतो, हा आमच्या घराच्या रचनेतला दोष आहे.

आता एक परिच्छेद विनोदाशिवाय. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच बुटाची नाडी बांधा. धावताना छातीवर दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबा, बसा आणि माणसांना हाक मारा. लाजू नका. नुसता दम लागणं वेगळं. तो लागणारच.

तुम्ही अगदीच कोरे नाही

मुंबईकराने स्वतःला नवशिका म्हणणं हा विनय झाला. माझं ऑफिस ठाण्याला. दादरच्या पुलावर असताना ८ वाजून १२ मिनिटांची फास्ट फलाटाला लागलेली दिसली की मी पाठीवरची सॅक पोटावर घेतो, जिने दोन-दोन करून उतरतो, समोरून येणाऱ्या लोंढ्यातून तिरका होत जातो आणि डब्याचा मधला दांडा गाठतो. चाळीस सेकंद सगळी ताकद, मग ठाण्यापर्यंत विश्रांती. याला धावपटू मंडळी 'इंटरव्हल ट्रेनिंग' म्हणतात आणि ते शिकायला पैसे भरतात. आपण ते पासाच्या किमतीत एकवीस वर्षं करतो आहोत.

नेमकी हीच सवय नडते. आपल्याला धावणं म्हणजे गाडी पकडणं एवढंच ठाऊक. पहिल्या दिवशी नवशिक्या त्याच वेगाने सुटतो आणि चाळीस सेकंदांनी गाडी येत नाही.

घराबाहेर पडणे

सुरुवातीचे पंधरा दिवस पाय कमी दुखतात, अब्रू जास्त. आपल्याकडे मोठा माणूस रस्त्यात धावताना दिसला की काहीतरी झालेलं असतं. बाई धावताना दिसली तर नक्कीच काहीतरी झालेलं असतं, आणि चार जण "काय झालं?" म्हणत मागे येतात. आमचा वॉचमन पहिल्या सकाळी मला हाफ पँटमध्ये दुडकताना पाहून खुर्चीवरून उठला. "साहेब, गॅस लीक झाला का?" मी म्हटलं, व्यायाम. तो बसला, पण तोंडावरची काळजी गेली नाही.

म्हणून मी सव्वापाचला जायला लागलो. ब्राह्ममुहूर्ताचं महत्त्व वगैरे सोसायटीत सांगितलं. खरं महत्त्व अंधाराचं होतं. पण ज्याला शिवाजी पार्क ठाऊक नाही तोच तिथे सव्वापाचला एकांत शोधतो. निवृत्त मंडळींची पहिली फेरी तोवर झालेली असते. कट्ट्यावर गुडघ्यांची, नातवांच्या व्हिसाची आणि पुनर्विकासाची चर्चा रंगात आलेली असते, आणि त्या सगळ्यांना चर्चेत थोडा बदल हवाच असतो. तो बदल म्हणजे तुम्ही.

यावर इलाज नाही, हे पहिल्याच दिवशी मान्य केलेलं बरं. लोक बघतात. तीन आठवडे बघतात. चौथ्या आठवड्यात तुम्ही रेन ट्रीसारखे तिथलेच होता, आणि मग कुणी बघत नाही याचं वाईट वाटायला लागतं.

पहिली फेरी आणि सभ्यपणे थांबण्याच्या पद्धती

कट्ट्याला लागून एक फेरी सव्वा किलोमीटरला जरा कमी भरते. मी उद्यान गणेशाला नमस्कार करून सुटलो आणि विजेच्या चौथ्या खांबाशी संपलो. छाती भात्यासारखी, कानात ढोलपथक. थांबायचं होतं. पण समोरून दोन मुली एकमेकींशी गप्पा मारत, वर हसत, धावत येत होत्या. अशा वेळी काय करावं हे कुठल्याच पुस्तकात नसतं, म्हणून इथे देतो.

नाडी बांधणे हे नवशिक्याचं आद्य आसन. खाली वाकावं, सुटलेली नसेल तर सोडावी आणि सावकाश बांधावी. एका बुटाला वीस सेकंद मिळतात, बूट दोन आहेत. दुसरी पद्धत फोनची. खिशातून काढून, कपाळाला आठ्या घालून वाचावा, जणू हाँगकाँगचा बाजार कोसळलाय. कानाला मात्र लावू नये, कारण बोलावं लागतं आणि बोलता येत असतं तर थांबलोच नसतो. तिसरी, देवळासमोर थांबून हात जोडणे. ही उत्तम, पण एका फेरीत एकदाच चालते. चौथी म्हणजे झाडाला हात टेकून पोटऱ्या ताणणे. यात आपण दमलेले न दिसता जाणकार दिसतो. मी ती इतकी केली की माझ्या पोटऱ्या आजही घरातल्या सर्वांत लवचीक वस्तू आहेत.

त्या दिवशी मी तिसऱ्यांदा नाडी बांधत असताना बाजूने एक आजोबा गेले. माकडटोपी, पांढरा लेंगा, हातात काठी. काठी ते टेकत नाहीत, कुत्र्यांसाठी आणतात. न थांबता म्हणाले, "अहो, गाठ मारता येत नाही का तुम्हाला?" आणि पुढे गेले. मी उठून दुडकायला लागलो. ते चालत होते. आमच्यातलं अंतर वाढत गेलं.

या आजोबांचं नाव मला अजून माहीत नाही. या मार्गदर्शनात ते अंतराचं माप आहेत.

कृती

अमेरिकेतल्या जॉश क्लार्क नावाच्या माणसाने १९९६ साली, पन्नाशीतल्या आपल्या आईला डोळ्यांपुढे ठेवून एक वेळापत्रक लिहिलं. सोफ्यावरून उठून नऊ आठवड्यांत पाच किलोमीटर. जगभरचे लठ्ठ लोक आज त्याच्या आईच्या पुण्याईवर धावतात. पहिल्या आठवड्याचं गणित सोपं आहे : पाच मिनिटं झपझप चालणं, मग साठ सेकंद दुडकी, नव्वद सेकंद चाल, पुन्हा साठ सेकंद दुडकी, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सुट्टी. घड्याळ नको असेल तर दोन खांब दुडकी आणि तीन खांब चाल धरा. पुढच्या आठवड्यांत दुडकी वाढत जाते, चाल आक्रसत जाते.

चालणं ही हार नाही, ती कृतीचाच भाग आहे, हे वाक्य मी आरशासमोर पाठ केलं होतं. उपयोग झाला नाही. चालायचा खांब आला की आसपास कुणी नाही ना हे बघून मी चालायचो, आणि कुणी दिसलं की मुदतीआधीच दुडकायला लागायचो. त्यामुळे नऊ आठवड्यांचा कार्यक्रम मला एकवीस आठवडे पुरला. आजोबांच्या आईला तो तीन आठवडे लागला असता, अशी मला दाट शंका आहे.

स्टेशनांची चाचणी

योग्य वेग कोणता, हे कळायला मनगटावर हजारोंचं घड्याळ लागत नाही. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, एकेक शब्द तोडावा लागला तर जास्त. इंग्रजीत याला 'टॉक टेस्ट' म्हणतात. अडचण अशी की पहाटे एकटाच बोलत धावणारा माणूस पाहून कट्टा पुन्हा जागा होतो. म्हणून मी मध्य रेल्वेचा आधार घेतला. स्लो गाडीची स्टेशनं दादरपासून मनाशी पुटपुटायची, नेहमीच्या बोलण्याच्या लयीत, मध्ये धापा न टाकता.

पहिल्या दिवशी मी "दादर, माटुंगा" म्हटलं आणि शीव येण्याआधी गाडी थांबली. पंधरा दिवसांनी कुर्ला. मग बरेच दिवस कुर्ल्यालाच रखडलो, जे खऱ्या आयुष्यातही होतं. विद्याविहार दीड महिन्याने आलं. ज्या सकाळी मी "घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग" एका दमात म्हणून गेलो, त्या सकाळी बायकोला फोन करून "कांजूरमार्गला पोहोचलो" असं सांगितलं. ती म्हणाली, "तिकडे कशाला गेलात?"

चाचणीचा नियम एकच. स्टेशन अडलं की वेग कमी करायचा. आणखी कमी. इतका कमी, की चालणारी माणसं पुढे जातील. इथेच सगळे नापास होतात, कारण फुप्फुसं तयार असतात आणि मान तयार नसते. लाज वाटते म्हणून वेग वाढवायचा, वेग वाढला म्हणून दम लागतो, दम लागला म्हणून थांबायचं, आणि थांबलो म्हणजे 'आपल्याला जमत नाही' असं ठरवून बूट माळ्यावर टाकायचे. मुंबईत माळ्यांवर असलेल्या बुटांपैकी फार थोडे गुडघ्यामुळे तिथे गेले असतील.

हळू जाण्यात शास्त्रही आहे. आपण सावकाश असतो तोवर स्नायू श्वासातला प्राणवायू वापरून सुखाने काम करतात. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की तो पुरेनासा होतो, शरीर दुसऱ्या, घाईच्या मार्गाने ऊर्जा काढायला लागतं आणि तो कारखाना फार वेळ चालत नाही. दादरचा पूल ते डबा, एवढाच. हळू दुडकत राहिलं की काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंत बारीक केशवाहिन्या वाढतात, आणि कालचं शीव उद्या कुर्ला होतं.

नडगी

दुसऱ्या महिन्यात माणूस बिघडतो. दम पुरायला लागलेला असतो, आरशात पोट एका विशिष्ट कोनातून बरं दिसतं, ऑफिसात "बारीक झालात हो" असं कुणीतरी म्हणालेलं असतं. मग तो अधलामधला सुट्टीचा दिवस रद्द करतो. मीही केला. सलग नऊ दिवस धावलो. दहाव्या दिवशी नडगीच्या आतल्या बाजूने अशी कळ निघाली की फलाटावर ८:१२ समोरून गेली आणि मी तिला हात केला.

कारण साधं आहे. हृदय आणि स्नायू आठवड्यांत सुधारतात, हाडं आणि कंडरा यांना महिने लागतात. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-अडीच पट भार पायावर येतो. माझ्या बाबतीत हे दोनशे किलो. इंजिन नवं बसवलंय आणि रूळ अजून जुनेच आहेत. विश्रांतीच्या दिवशीच रुळांचं काम चालतं. रविवारचा मेगाब्लॉक रेल्वे उगाच घेत नाही.

नडगी दुखली तर दोन आठवडे धावणं बंद, नुसतं चालणं. बोटाने दाबल्यावर हाडाच्या एकाच ठिकाणी ठसठस होत असेल तर डॉक्टरला दाखवा, ते प्रकरण वेगळं असू शकतं. बरगडीखाली चमक भरली तर वेग कमी करा, हाताने दाबा आणि श्वास पूर्ण बाहेर सोडा, जाते. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा टोचल्यासारखं झालं तर तुम्ही आता खरे धावपटू झालात. लोकांशी बोलायला विषय मिळाला.

बूट

बुटांच्या दुकानात संध्याकाळी जावं. दिवसभरात पाय थोडे सुजतात, धावतानाही सुजतात. अंगठ्यापुढे एक अंगठाभर जागा हवी. म्हणजे ऑफिसच्या बुटाहून बहुधा एक नंबर मोठा. एवढंच ज्ञान पुरेसं आहे, पण दुकानातला मुलगा ते पुरेसं मानत नाही. त्याने मला ट्रेडमिलवर धाववलं, पायांचं चित्रण केलं, मग घोटा आत कलतो म्हणाला. मी त्याला म्हटलं, माझं सगळंच थोडं आत-बाहेर कलतं. त्याने बारा हजारांचा जोड काढला. मी किंमत ऐकून जो श्वास घेतला, तो मला नंतर धावताना कधीच जमला नाही. शेवटी साडेतीन हजारांत, मागच्या वर्षीच्या रंगात, चांगले बूट मिळाले. पोपटी आहेत. मागच्या वर्षी ते का खपले नाहीत हे दिसतं.

बुटांवरून फार चर्चा सुरू झाली की मी फडेप्पा चौगुले यांचं नाव काढतो. १९२० सालच्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतातून जे मोजके खेळाडू गेले, त्यांत बेळगावचे चौगुले होते. दोराबजी टाटा तेव्हा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते, आणि जिमखान्याच्या शर्यतींत गावाकडची पोरं अनवाणी धावताना पाहून त्यांना ऑलिम्पिकचा ध्यास लागला. अँटवर्पची मॅरेथॉन आजच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षाही लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले ती २ तास ५० मिनिटांच्या आसपास धावले आणि एकोणिसावे आले. त्यांचा घोटा आत कलत होता की बाहेर, याचं चित्रण कुणी केलं नाही.

अर्थात यावरून लगेच अनवाणी धावू नका. ती गावाकडची पोरं लहानपणापासून अनवाणी होती. आपण घरातही स्लिपर शोधतो.

किरकोळ सूचना

सुती बनियन घालू नका. घाम धरून ठेवतं आणि दोन फेऱ्यांनी ओल्या पोत्यासारखं घासतं. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि छातीवर दोन ठिकाणी व्हॅसलीन लावा. कोणत्या दोन ठिकाणी, हे न लावता पाच किलोमीटर धावलात की आंघोळीच्या वेळी कळेल.

कुत्रा मागे लागला तर थांबा आणि चालायला लागा. हा धावण्यातला एकमेव प्रसंग आहे जिथे पळावंसं वाटतं आणि पळायचं नसतं.

मे आणि ऑक्टोबरमध्ये वेगाची अपेक्षा ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. माझी मे महिन्यात कांजूरमार्गहून घसरगुंडी होऊन पुन्हा कुर्ल्याला बदली झाली. परत आल्यावर मीठ घातलेलं लिंबूपाणी किंवा कोकमाचं सरबत घ्या.

जुलैत धावा. पावसात भिजलेला माणूस दमलेला आहे की नुसताच ओला, हे कट्ट्यावरून ओळखता येत नाही.

सल्लागार

धावायला लागल्याचं कळलं की सल्ला देणारे भेटतात, आणि सर्वांत खात्रीचा सल्ला न धावणाऱ्यांचा असतो. "गुडघे जातील" हा पहिला. हे सांगणाऱ्या माझ्या मावसभावाचे गुडघे न धावता गेले आहेत, पण तो मुद्दा मी लग्नकार्यात काढत नाही. "रिकाम्या पोटी धावू नका" आणि "खाऊन धावू नका" हे दोन्ही सल्ले मला एकाच टेबलावर, एकाच डब्यातली भाजी खाताना मिळाले. एका साहेबांनी फक्त नाकाने श्वास घ्यायला सांगितलं. नाकाने, तोंडाने, जिथून येईल तिथून घ्या.

दुसरी जात म्हणजे खरोखर धावणाऱ्यांची. यांच्या गटांचे एकसारखे टी-शर्ट असतात आणि भाषा स्वतंत्र असते. "तुमचा पेस किती?" म्हणजे एक किलोमीटर किती मिनिटांत. "रविवारी एलएसडी केलं" असं एक सभ्य गृहस्थ म्हणाले तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो. ते लाँग स्लो डिस्टन्स निघालं. ही माणसं मनाने फार चांगली, पण त्यांच्यापाशी पेडर रोड हा विषय काढू नये. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर, पाय संपलेले असताना, तो चढ येतो. २००४ पासून, कोविडची वर्षं सोडली तर दरवर्षी, हजारो लोक तो चढतात आणि उरलेले अकरा महिने त्याबद्दल बोलतात.

बायकोचा सल्ला एकच होता. ओले मोजे बुटात ठेवू नका. यापेक्षा उपयोगी सल्ला मला कुणी दिलेला नाही.

वडापावचं गणित

एक किलो वजन एक किलोमीटर धावत न्यायला साधारण एक किलोकॅलरी लागते. माझे ८४ किलो पार्काच्या एका फेरीत शंभरच्या आत-बाहेर जाळतात. एका वडापावात अंदाजे तीनशे. म्हणजे तीन फेऱ्यांना एक वडापाव, चटणी आणि तळलेली मिरची धरलेली नाही. हे गणित समजल्यावर दोन प्रकारची माणसं तयार होतात. काही वडापाव सोडतात. काही चौथी फेरी मारतात. मी चौथी फेरी मारतो असं घरी सांगतो.

शर्यत

वर्षभराने एखाद्या शर्यतीत नाव घालावं. मी उपनगरातली एक दहा किलोमीटरची निवडली. छातीवर लावायचा नंबर, त्याला बिब म्हणतात, चार सेफ्टी पिनांनी सरळ लावता येतो असं सांगतात. मला अजून जमलेलं नाही. पहाटे सहाला दोन-अडीच हजार माणसं, लाउडस्पीकरवर झुंबा, एकमेकांचे फोटो. शिट्टी झाली आणि सगळा कळप सुटला. मीही सुटलो. वर्षभर जे शिकलो ते सगळं विसरून, ८:१२ च्या वेगाने. पहिल्या किलोमीटरला मी आयुष्यात प्रथमच शंभरेक माणसांच्या पुढे होतो. तिसऱ्या किलोमीटरला ती शंभर माणसं एकेक करून मला ओलांडून गेली. त्यांत एक काकू नऊवारीत होत्या. एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी दूध तापवायला सांगत होते.

मग मी स्टेशनांवर आलो. दादर, माटुंगा, शीव. वेग कमी केला, आणखी कमी केला. आठव्या किलोमीटरला मागे घरघर ऐकू आली. रुग्णवाहिका होती, माझ्याच वेगाने येत होती. ड्रायव्हरने काच खाली केली. "साहेब, बसताय का?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाला, "सावकाश. आमची ड्युटी नऊपर्यंत आहे." शेवटचा किलोमीटर आम्ही जवळजवळ बरोबरच होतो. पुढे पोरं रस्त्यावरचे प्लास्टिकचे शंकू उचलत चालली होती, एकाने मला पाहून एक शंकू परत ठेवला. १ तास ३४ मिनिटं. केळी संपली होती. पदक मिळालं, ते हल्ली स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला आहे, त्याच्या रिबिनीला दुधाचं कार्ड अडकवलेलं असतं.

सोमवारी विश्रांती. मंगळवारी पार्कात गेलो. उद्यान गणेशापाशी आजोबा माकडटोपीचं बटण लावत उभे होते. बातमी कट्ट्याने पोहोचवली होती.

"कितवा नंबर आला?"

"दोन हजार तीनशे सोळावा."

"धावले किती?"

"दोन हजार तीनशे चाळीस."

आजोबांनी बोटांवर वजाबाकी केली. "चोवीस जण मागे," म्हणाले. "रुग्णवाहिकेत बसलेले धरून की सोडून?"

"धरून."

"हं." त्यांनी काठी काखेत मारली आणि निघाले. मीही नाड्या बघून घेतल्या आणि दुडकायला लागलो. तिसऱ्या खांबापर्यंत आम्ही बरोबर होतो.